बारी नसताना

उन्हाळ्याबद्दल गोड लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. माठातलं वाळ्याचं पाणी, मोगऱ्याचा गजरा, दुपारची पेंग. असलं काही वाचलं की त्या लेखकाच्या घरचा नळ एकदा बघून यावा असं वाटतं. यंदा मार्चमध्येच नांदेडला आमच्या वसाहतीत टँकर सुरू झाला. पहिल्या दिवशी तो गल्लीत उलटा येताना टीं टीं वाजला आणि उत्तरपत्रिका तपासता तपासता माझे दात आपोआप आवळले गेले. माझं नाव करुणा आहे. आईवडिलांनी फार विचार करून ठेवलेलं. मला ते कधी नीट चालवता आलं नाही.

तो टीं टीं आवाज मला लातूरच्या एका उन्हाळ्यात नेऊन टाकतो. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत एकदा आपटले होते, म्हणून दुसऱ्यांदा बसत होते. अशांना लातुरात रिपीटर म्हणतात, आणि म्हणताना आवाज थोडा खाली आणतात. वडील नांदेडला पोस्टात होते. त्यांनी मला क्लास लावून दिला, एका घराच्या मागच्या खोलीत ठेवलं आणि जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, "अभ्यास सोडून कशात पडू नको." मी पडले. एका खेळात पडले.

त्या वर्षी धरण तळाला गेलं होतं. नळ म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला एक लोखंडी तुकडा, एवढंच उरलं होतं. रस्त्यावरून जाणाऱ्या ऑटोत माणसांपेक्षा घागरी जास्त असायच्या. मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना निळे कॅन बांधलेले. डाळमिलच्या बाजूनं वारा आला की तुरीच्या टरफलाचा पिवळा धुरळा घामावर बसायचा, आणि तो धुवायला पाणी नसायचं. शेवटी पाणी रेल्वेनं आलं. ते बघायला लोक वऱ्हाड उतरवून घ्यायला जावं तसे स्टेशनकडं गेले. मी गेले नाही. पाणी बघून तहान भागत नाही.

क्लासवाल्यांनी पोर्शन लवकर गुंडाळला. "ज्यांना जमतंय त्यांनी घरी जा, तिथं रिव्हिजन करा," असं सांगितलं. आम्ही चौघं गेलो नाही. घरी गेलं की रिपीटर हा शब्द दारादारातून ऐकावा लागतो, हे चौघांचंही कारण होतं, आणि चौघांनीही ते एकमेकांपासून लपवलं होतं.

चौघं म्हणजे कोण ते सांगते. माझी खोलीसोबतीण रोहिणी, माहूरची. गडाच्या पायथ्याशी त्यांचं प्रसादाचं आणि ओटीच्या सामानाचं दुकान. बोलायला मऊ, भांडणाचा वास आला की डोळे जमिनीला लावणारी. दुसरा अझहर, उदगीरचा. दर आठवड्याला येऊन सांगायचा, "बस, अगले महिने में उदगीर जिल्हा होतंय बघा." आणि तिसरा धनंजय. शिरूर अनंतपाळकडचा, भरपूर जमीन असलेल्या घरातला. गोरा, उंच, कुणाचंही बोलणं अर्ध्यात तोडायची सवय असलेला. आणि हे लिहिताना हात जड होतोय, पण आमच्यात सगळ्यात सुंदर गोष्ट सांगणारा तोच होता.

खेळ त्यानंच आणला. पुण्यातल्या चुलतभावाकडून एका इंग्रजी नियमपुस्तकाची झेरॉक्स त्याला मिळाली होती. टेबलाभोवती बसून खेळायचा रोल-प्लेइंग गेम. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि अवघड काही करायचं असेल तर फासा टाकून होतं की नाही ते ठरतं. वीस बाजूंचा फासा आम्हाला कुठून मिळणार? अझहरनं एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातल्या. त्या खेळाला शेवटपर्यंत कैरीच्या लोणच्याचा वास होता.

"ड्रॅगन-बिगन नको," धनंजय पहिल्याच दिवशी म्हणाला. "आपल्या गोष्टीत राक्षसबी पाण्यावर बसलेला पाहिजे." त्यानं एक माळरान उभं केलं. त्यात एकच जिवंत बारव, आणि तिच्यावर टोळीचा कब्जा. राजाचा हुकूम घेऊन आलेल्या तिघांनी ती बारव सोडवायची आणि तिच्याभोवती नवा जिल्हा वसवायचा. गोष्टीचं नावच 'नवा जिल्हा'. अझहर झाला खबऱ्या, रोहिणी तिरंदाज. मला तो म्हणाला, "करुणा, तू वैदू घे. नावाला शोभतंय." वैदूची चपळाई एक. सगळ्यात कमी.

आम्ही बसायचो शांतामावशीच्या मेसमध्ये. ताटं धुवायला पाणी नाही म्हणून मेस बंद होती. पत्र्याच्या छपराखाली लांबलचक रिकामी टेबलं, भिंतीवर 'अन्न वाया घालवू नका'. मुलं-मुली एकत्र बसलेली बघून कुणी बोलू नये म्हणून मावशी दाराशी सूप घेऊन धान्य पाखडत बसायची. दुपारी दोन ते पाच. पंखा फिरायचा तो गरम हवा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात न्यायला.

आणि तिथं, त्या गरम हवेत, मी वाट बघत बसायची.

पुस्तकातल्या लढाईचा नियम असा होता. लढाई सुरू झाली की प्रत्येकानं चिठ्ठी काढायची, तिच्यात आपली चपळाई मिळवायची, आणि येणाऱ्या आकड्यांप्रमाणे क्रम लागायचा. तुझा क्रम आला की एक हालचाल आणि एक कृती. मग दुसऱ्याचा नंबर. त्याला पाळी म्हणायची सोय नव्हती, मुलांना तो शब्द मुलींसमोर उच्चारता येईना. म्हणून आमच्याकडं बारी. आम्ही तिघं आणि धनंजयचे नऊ शत्रू. नऊ शत्रूंच्या नऊ बाऱ्या. प्रत्येक बारीला तो उभा राहून तलवार कशी फिरली, धूळ कशी उडाली, सगळं सांगणार. माझी बारी यायला अर्धा तास लागायचा. अर्ध्या तासानं मी म्हणायची, "मी अझहरच्या जखमेवर मलम लावते." झालं. पुन्हा अर्धा तास.

एका दुपारी अझहरचा खबऱ्या बारवेच्या भिंतीला चिकटून पुढं सरकत होता. वर, भिंतीवर, टोळीतल्या एकानं दगड उचलला. धनंजयनंच ते सांगितलं, आवाज बारीक करून, फार छान सांगितलं. मला काटा आला. मी म्हणाले, "मी ओरडते. अझहर, सरक!"

"तुझी बारी न्हाई," धनंजय म्हणाला.

"ओरडायला बारी कशाला लागते?"

"बोलणं हीबी कृतीच हाय. पुस्तकात हाय तसं. बारी नसताना तुला तोंड न्हाई."

दगड पडला. खबऱ्या मेला. अझहर हसत छाती धरून बाकावर आडवा झाला आणि रोहिणीही हसली. मी हसले नाही. 'तुला तोंड न्हाई' हे तीन शब्द मी घेऊन बसले. त्याच्या मनात काही नसेलही. पण काही शब्द आपल्या आधीपासून जगात असतात. ते कुणाकुणाला ऐकवून झालेले असतात, आणि ज्यांच्या घरात ते ऐकले गेलेत त्यांना ते नवीन वाटत नाहीत.

दाराशी मावशीचं सूप थांबलं होतं. "कामून रं," ती म्हणाली, "ह्यो मारायला लागला की बाकीचे सगळे काय हात बांधून बघत बसतेत?"

"खेळ हाय मावशी," धनंजय म्हणाला.

"लई शिस्तीची भांडणं तुमची. आमच्याकडं मी घागर उचलायच्या आधी दुसरीचा हात असतोय तिच्यावर." तिनं पुन्हा सूप हलवायला घेतलं.

मी त्या वाक्यापाशी बराच वेळ थांबले. पण मला ते खऱ्या अर्थानं कळलं चार दिवसांनी, आणि ते कळण्याची किंमत मावशीला माहीत नव्हती.

आमची घरमालकीण सकाळी सहाला टाकीचा नळ उघडायची. खोलीला दोन कॅन. मागच्या खोलीचा नंबर शेवटी. एप्रिलमध्ये ती एकदा भाडेकरूंच्या खोल्या बघायला आली, आणि माझ्या टेबलावरची बुद्धाची छोटी तसबीर बघून म्हणाली, "आडनाव काय म्हणालीस गं तुझं?" मी खोली घेतानाही सांगितलं होतं, आताही सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी नळाकडं हात नेला तर ती तोंडभर हसून म्हणाली, "तू थांब बाई. रोहिणी भरंल तुझंबी. तुला कशाला तरास?"

असं हसून. तुला कशाला त्रास.

रोहिणीनं भरलं. वाटेत मी तिला विचारलं, "तुला कळलं ना ती काय म्हणाली?" ती कॅनकडं बघत म्हणाली, "पाणी भेटलं ना. तू काहून एवढा इचार करून राहिली?" असे नऊ-दहा दिवस गेले. मी दिवस मोजले नाहीत. त्या दिवसांत जे पाणी प्यायले, त्याची चव मात्र मी आजही सांगू शकते. कॅनच्या प्लास्टिकची, आणि खाली घातलेल्या मानेची.

मावशीच्या त्या वाक्याला चार दिवस झाले, त्या सकाळी मी रोहिणीच्या पुढं जाऊन नळ स्वतः सोडला. पुढचं सगळं मिनिटाच्या आत झालं. मालकिणीची सून आतून धावत आली. मी कॅन लावला होता, तो तिनं पायानं लोटला. मी तो उचलून बाजूला ठेवणार होते, पण तिचा हात माझ्या खांद्याला लागला आणि ठेवायला उचललेला कॅन माझ्या हातून तिच्या अंगावर गेला. मी ठरवलं नव्हतं. कुणी तरी ओरडलं. मधल्या खोलीतली मुलगी नळ बंद करायला धावली आणि पाण्यावरून घसरून पडली. मालकीण एका हातानं सुनेला ओढत होती आणि दुसऱ्या हातानं मला ढकलत होती. त्या मिनिटात कुणाचीही बारी नव्हती. मी जे केलं त्यातलं निम्मं मी केलंच नव्हतं. ते समोरच्याच्या हातानं माझ्याकडून झालं होतं. आणि या सगळ्याच्या कडेला रोहिणी उभी होती, माझ्या कॅनचं झाकण हातात धरून.

"महिना संपला की खोली मोकळी कर," मालकीण म्हणाली. आता ती हसत नव्हती. मला तेच बरं वाटलं.

त्या दिवशी ओल्या सलवारीनं मी मेसमध्ये गेले, जीवशास्त्राची वही उलटी केली आणि मागच्या पानापासून लढाईचे नवे नियम लिहायला सुरुवात केली. अक्षर चांगलं येत होतं. तसं अक्षर मला पुन्हा कधी आलं नाही.

माझ्या नियमांत बारी नव्हती. प्रत्येकाजवळ सात चिंचोके. त्याला मी दम म्हटलं. वार करायला तीन दम, पळायला दोन, ओरडायला एक. ज्याला जे करायचं ते त्यानं केव्हाही बोलायचं. कुणी काही करत असेल तर दुसरा कुणीही एक चिंचोका टाकून आड येऊ शकतो: हात धरू शकतो, धूळ फेकू शकतो, सावध करू शकतो. मग पहिल्यानं ठरवायचं की आणखी दम घालून रेटायचं की बेत बदलायचा. सगळ्यांचा दम सरला किंवा सगळ्यांनी हात खाली ठेवले की फेरी संपली. सगळ्यांनी दम खायचा, पुन्हा सात घ्यायचे. उरलेले चिंचोके आपल्याकडंच राहायचे. काटकसर हा गुण आहे, असं मला तेव्हा वाटत होतं.

दोन दिवस मी जेवताना, अंथरुणात, फिजिक्सच्या टेस्टमध्येसुद्धा हेच मांडत होते. धनुष्याला किती दम? जखमी माणसाला सातच द्यायचे की पाच? परीक्षेत आपटलेली मुलगी इतकं नेमकं काही करू शकते, याचं मलाच नवल वाटायचं. आनंद हा शब्द त्या उन्हाळ्याला लावायची माझी इच्छा नाही. पण ते दोन दिवस होते.

मी चार झेरॉक्स काढून आणल्या. धनंजयनं त्याची प्रत चाळली. "ह्यात गोष्ट सांगणाऱ्याच्या हातात काय ऱ्हायलंय मग?"

"गोष्ट," मी म्हणाले.

"खेळून दाखव."

म्हणून त्या दुपारी गोष्ट मी सांगितली आणि तो पहिल्यांदा खेळाडू झाला. अर्थात सरदार झाला. खरं सांगायचं तर मीही काही साधू नव्हते. तो सरदारच घेणार हे मला माहीत होतं, आणि तलवारीला तीन आणि तिरंदाजीला दोन दम मी मुद्दाम ठेवले होते. मला न्याय हवा होता असं मी स्वतःला सांगत होते. मला त्याला वाट बघताना बघायचं होतं.

पहिल्या दोन फेऱ्यांत त्यानं दमादम वार केले आणि प्रत्येक वेळी सगळे चिंचोके उडवून मोकळा झाला. अझहर मात्र पेटला होता. दर क्षणी कुणाच्या तरी आड येत होता, ओरडत होता, उभा राहून खेळत होता. "मियाँ, ये तो सच्ची की लडाई हाय!" रोहिणी बारवेमागं लपून राहिली. तिनं फारसं काही केलंच नाही. तिच्यापुढं चिंचोक्यांचा ढीग वाढत चालला होता.

तिसऱ्या फेरीत सरदारानं दोन वार केले. सहा गेले, एक उरला. समोर टोळीचा नाईक भाला उचलून उभा.

"मी वार करतो," धनंजय म्हणाला.

"तीन लागतात. तुझ्याकडं एक आहे."

"मी सरदार हाव!"

"सरदारालाबी सातच."

अझहर खदखदून हसला. धनंजयचा चेहरा लाल झाला. त्यानं उरलेला चिंचोका टेबलावरून माझ्याकडं टिचकीनं उडवला. तो माझ्या कपाळाला लागला. "ह्याला खेळ म्हणत न्हाईत. ही गर्दी हाय. काही वरखाली पाहिजे का न्हाई? तुम्हा लोकांला कुठंबी घ्या, आल्या आल्या नियमच बदलायचे असतेत."

पंखा फिरत होता. दाराशी सूप थांबलं.

"तुम्हा लोकांला म्हणजे कोणाला?" मी विचारलं.

"तू विषय कुठल्या कुठं न्यायलीस."

"मी कुठं नेला नाही. तू आणलास. कोणाला, तेवढं सांग."

अझहर उभाच होता. त्याचं हसू अर्धवट तोंडावर राहून गेलं होतं. तो म्हणाला, "धन्या, माफी माग यार. चुकलं तुझं." मी रोहिणीकडं बघितलं. नुसतं बघितलं. ती चिंचोक्यांचा ढीग बोटानं नीट करत म्हणाली, "जाऊ द्या ना. काहून वाढवून राहिले? खेळच तर आहे."

धनंजयच्या वाक्यानं मला राग आला होता. रोहिणीच्या वाक्यानं मी एकटी पडले. दोन्हींत फरक असतो. पहिल्याशी भांडता येतं.

धनंजय उठला, आपले कागद गोळा केले, त्यात माझ्या नियमांची प्रतही घेतली, आणि गेला. अझहर त्याच्या मागं गेला, बहुतेक भांडायला. मी मावशीकडं वळले. ती काही तरी बोलेल असं मला वाटत होतं. तिचं ते भांडणाचं वाक्यच तर माझ्या नियमांच्या मुळाशी होतं.

"मी काय बोलू पोरी," ती सुपातले खडे वेचत म्हणाली, "मेस चालू झाली की त्यालाबी वाढायचंय मला."

मी मेसमधून बाहेर पडले. बाहेर पांढरं फटफटीत ऊन होतं. रस्त्याकडेच्या कडुलिंबाला मोहोर आला होता आणि त्याचा कडू-गोड वास इतका दाट होता की मला त्या झाडाचाही राग आला. कुठं कुणाला प्यायला नाही, आणि हे फुलतंय.

पुढचं थोडक्यात. परीक्षेत मी पुन्हा मेडिकलला लागले नाही. संख्याशास्त्र घेतलं, आज नांदेडला एका कॉलेजात तेच शिकवते. अझहरचं उदगीरला औषधाचं दुकान आहे. फोनवर अजून जिल्ह्याची तारीख सांगतो, आणि मी अजून विश्वास ठेवत नाही. रोहिणी माहूरला दुकान सांभाळते. नवरात्रात न चुकता देवीचा फोटो पाठवते. मी हात जोडल्याचं चिन्ह पाठवते. आमच्यात कधी भांडण झालं नाही. झालं असतं तर कदाचित मैत्री टिकली असती.

गेल्या महिन्यात, टँकर सुरू झाला त्याच आठवड्यात, अनोळखी नंबरवरून फोन आला.

"करुणा? धनंजय बोलतोय. लातूरचा."

बोली पार पुण्याची झाली होती. पुण्यात त्याचं एक दुकान आहे, जिथं लोक येऊन असले खेळ खेळतात. आता तो स्वतःचा मराठी खेळ छापतोय. लढाईसाठी माझी दमाची पद्धत घेतोय. "अगं, अफलातून आहे ती. लोक वेडे होतात. आभारात तुझं नाव टाकतो."

"आभारात?"

"म्हणजे खास आभार."

मी विचारलं, "त्या दिवशी मेसमध्ये तू मला काय म्हणालास, आठवतं?"

"तेव्हा लहान होतो गं आपण. काही बोललो असेन तर सॉरी."

"'असेन तर' काढ आणि पुन्हा म्हण."

तो पुन्हा म्हणाला नाही. तो म्हणाला, "तसा नियमांवर कुणाचा हक्क नसतो. मी चांगुलपणानं विचारलं."

मी फोन ठेवला. लोक म्हणतात राग धरू नये, राग माणसाला जाळतो. मला तसा अनुभव नाही. त्या उन्हाळ्यातलं माझ्याजवळ जे काही शाबूत आहे ते रागानंच जपलं आहे. माफीनं मी एव्हाना सगळं विसरले असते, आणि त्यांची सोय झाली असती.

त्याच आठवड्यात मी सगळे नियम पुन्हा लिहून काढले. बारा पानं. वर स्वतःचं पूर्ण नाव, आडनावासकट. कॉलेजच्या वाचनालयात आठ प्रती ठेवल्या आणि जेवणाच्या सुट्टीत ज्यांना खेळायचं त्यांनी यावं, असं फळ्यावर लिहिलं. सहाजण आले. दुसऱ्या आठवड्यात अकरा. परवा दुसऱ्या वर्षाची शीतल कागद घेऊन स्टाफरूममध्ये आली. कमी बोलणारी, मागच्या बाकावरची मुलगी आहे.

"मॅडम, ह्यात एक चूक हाय."

कपाळावर आठी पडली ती मला जाणवली. इतक्या वर्षांत त्या नियमांना चूक म्हणणारा एकच माणूस भेटला होता. "कुठं?"

"जो काहीच करत न्हाई, तो जिंकायलाय. उरलेला दम त्याच्याकडंच राहतो ना. बाकीचे एकमेकांसाठी आड येऊन येऊन दमतेत, आन् हा शेवटी ढीग घेऊन उठतो. शेवटी उभा राहील तो जिंकला असं धरून आम्ही चार वेळा खेळलो. चारी वेळा जो गप बसला तोच जिंकला." तिनं तक्ता करून आणला होता. चारी खेळांच्या फेऱ्या, प्रत्येकाचा दम, स्वच्छ रकान्यांत.

मी तो तक्ता कितीतरी वेळ बघत राहिले. माझा विषय संख्याशास्त्र. हे माझ्या डोळ्यांसमोर होतं. पण मी त्या दुपारकडं बघायची तेव्हा मला फक्त सरदार दिसायचा. मी सगळे नियम त्याच्याविरुद्ध लिहिले होते आणि ढीग नीट करत बसणाऱ्या बोटांसाठी एकही लिहिला नव्हता. उलट त्यांना बक्षीस ठेवलं होतं.

"मग काय करायचं?" मी विचारलं. आवाज कोरडा आला.

शीतल थोडी घाबरली, पण मागं हटली नाही. "शेजारचा पडायला लागला आन् आपल्याकडं दम असूनबी आपण आड आलो न्हाई, तर तो सगळा दम जायला पाहिजे मॅडम. वाचवून ठेवता आला न्हाई पाहिजे."

मी माझी प्रत काढली. जुन्या नियमावर आडवी रेघ मारली आणि पेन तिच्याकडं दिला. "तू लिही. खाली तुझं नाव घाल."

तिनं उभ्यानंच, टेबलावर वाकून, दोन ओळींत नवा नियम लिहिला. बाहेर टँकर उलटा येत होता. आज नवी प्रत झेरॉक्सला गेली.

धनंजयचा खेळ एव्हाना छापून झाला असेल. होऊ दे. आभारात माझं नाव असो नसो, त्याच्या पुस्तकात गप्प बसणाराच जिंकतो.